रिसीव्हर घ्यावा की ॲम्प वेगळा? कोथरूडच्या हॉलचं आणि अडीच लाखांचं गणित

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाच बघता येईल. कोथरूडला टू बीएचके, हॉल १६ बाय ११ फूट, टीव्ही लांब भिंतीवर आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. बजेट सगळं धरून अडीच लाख. तुम्हाला सिनेमे बघायचेत, वडिलांना शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकायचंय, त्यांच्याकडे जुन्या रेकॉर्ड्सही आहेत. दुकानदार म्हणतो रिसीव्हरवर (सिनेमाचा आवाज उलगडणारा भाग आणि सगळ्या स्पीकरांचे ॲम्प एकाच खोक्यात) गाणं कोरडं वाजतं, स्टीरिओ ॲम्प्लिफायर वेगळा घ्याच. ऑफिसमधला मित्र म्हणतो घ्यायचं तर प्रोसेसर आणि पॉवर ॲम्प (रिसीव्हरचीच दोन कामं वेगळ्या खोक्यांत) घे, बाकी सगळी तडजोड. आणि भाऊ डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय, तर तिकडूनच मागवू का, हा शेवटचा फाटा.

मी पुण्यात बरीच वर्षं घरगुती थिएटर बसवायचं काम करतो, रिपेअरिंगही करतो. त्यामुळे माल विकताना काय बोललं जातं आणि चार-पाच वर्षांनी तोच माल टेबलावर उघडून ठेवला की आत काय दिसतं, दोन्ही बघायला मिळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरात आत्ता रिसीव्हर घ्या, फक्त मागे निदान पुढच्या दोन स्पीकरांचे प्रीआउट (बाहेरचा ॲम्प जोडायची सॉकेट) असलेला घ्या आणि वाचलेला पैसा स्पीकर आणि सबवूफरमध्ये (फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर) घाला. पुढे कधी वेगळा स्टीरिओ ॲम्प आणावासा वाटलाच तर तो वडिलांच्या सोयीसाठी आणाल, आवाजात फार काही बदलेल म्हणून नाही.

आता हे का म्हणतो ते बघा, कारण तुमचा हॉल किंवा स्पीकर वेगळे असते तर उत्तरही वेगळं आलं असतं.

वेगळे घटक घ्या म्हणणारे लोक बहुतेक वेळा पॉवरबद्दल बोलत असतात. म्हणून पहिला प्रश्न, तुम्हाला पॉवर लागते किती? साधारण बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) असते, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डीबी आवाज. तुम्ही बसणार नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरात नऊएक डीबी गेले असते, पण खोलीत भिंती थोडं परत देतात, त्यामुळे सात डीबी गेले असं धरू. दोन स्पीकर आहेत म्हणून तीन डीबी परत मिळवा. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला की सोफ्यावर ८३ डीबी. हे ढोबळ आहे पण कामापुरतं बरोबर आहे.

८३ डीबी म्हणजे बऱ्यापैकी मोठा आवाज, घरात दुसरा माणूस बोलला तर ऐकू येणार नाही असा. वडील ऐकतील ७०-७३ ला, तिथे लागतो एक दशांश वॅट. हो, शून्य पूर्णांक एक. तान वर गेली, तबल्यावर जोरकस तिहाई आली की क्षणभर वीस डीबी वर जाईल, ९३, तेव्हा लागतील दहा वॅट. सिनेमात थिएटरची जी रेफरन्स लेव्हल मानतात त्यात एकेका मुख्य चॅनेलचा शिखराचा आवाज १०५ डीबीपर्यंत जातो, त्याला या हिशोबाने, एकच स्पीकर धरला तर, तीनशेच्या वर वॅट लागतील, पण फ्लॅटमध्ये तेवढ्यावर कोणी ऐकत नाही, ऐकलं तर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर नाव येतं. त्याच्या दहा डीबी खाली ऐकलं तरी अंगावर येतं आणि तिथे काम तीस-बत्तीस वॅटमध्ये भागतं. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे दिलं, आणि सबमध्ये त्याचा स्वतःचा ॲम्प असतो, तर रिसीव्हरवरचा सगळ्यात जड बोजा तिथेच उतरला.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, वॅट दुप्पट केले तर फक्त तीन डीबी वाढतात. कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण दहा डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ८० वॅटचा रिसीव्हर सोडून १५० वॅटचा पॉवर ॲम्प घेतला तर हातात पडतात पावणेतीन डीबी. त्यासाठी लाखभर जास्त मोजायचे का ते तुम्ही ठरवा. याउलट ८७ ऐवजी ९० डीबीचा स्पीकर निवडला तर तेच तीन डीबी फुकट मिळतात.

तरी वॅटचे आकडे वाचायला शिका, कारण खोक्यावर जे मोठ्या अक्षरात लिहितात ते खरं असूनही उपयोगाचं नसतं. १५० वॅट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ६ ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप), १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाचा बिघाड), एक चॅनेल चालू. तुम्हाला हवा असलेला आकडा असा दिसतो: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. अमेरिकेत १९७४ पासून याबद्दल नियम आहे, त्यामुळे कंपनीच्या तिकडच्या साइटवर हा आकडा बहुधा सापडतोच. आणि सगळे चॅनेल एकदम चालू केले तर तोही खाली येतो. कारण रिसीव्हरमध्ये सात ॲम्प असले तरी पॉवर सप्लाय एकच असतो, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखा, सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की सगळ्यांचीच धार बारीक. स्वस्तातल्या मॉडेलात शंभर वॅटचे सात चॅनेल एकत्र मोजले तर चाळीस-पन्नास निघतात. पण सिनेमात सातही चॅनेल एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वाजत नाहीत, आणि तुमची गरज आपण वर काढलीच, तीसेक वॅट. त्यामुळे हा आकडा वाचून घाबरू नका.

मग वेगळं कधी घ्यावं? माझ्या कामात तीन-चार प्रसंग येतात. एक, स्पीकर अवघड असेल, म्हणजे ४ ओहमचा आणि सेन्सिटिव्हिटी ८३-८४, किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक, प्लॅनर वगैरे पातळ पडद्याचा. तिथे साधा रिसीव्हर गरम होतो, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. (काही रिसीव्हरांत इम्पिडन्सचं म्हणजे ओहमचं सेटिंग असतं, ४ ओहम केलं की गरम होत नाही म्हणून लोक खुश होतात, पण ते सेटिंग नुसती पॉवर आवळतं, बाकी काही करत नाही. ते ८ वरच ठेवा.) दोन, खोली मोठी, बंगल्यात खास बांधलेली, पंधरा-सोळा फुटांवरून ऐकायचंय आणि खरंच रेफरन्सच्या जवळ जायचंय. तीन, नऊ-अकरा चॅनेलचं ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारी डॉल्बीची पद्धत) करायचंय. चार, सिनेमा जवळजवळ बघतच नाही, नुसतं संगीत. चौथ्यात उलट रिसीव्हर घेऊच नका, चांगला स्टीरिओ इंटिग्रेटेड (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच खोक्यात) घ्या. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही.

तुमच्या मित्राचा प्रोसेसर-पॉवर ॲम्पचा सल्ला चुकीचा नाही, फक्त अडीच लाखांसाठी नाही. आपल्याकडे नवा धड प्रोसेसर एकटाच तुमचं सगळं बजेट खाऊन वर हात पसरेल. आणि गंमत अशी की बऱ्याच कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये आणि त्यांच्याच वरच्या रिसीव्हरमध्ये डिजिटल बोर्ड, डीकोडिंग, रूम करेक्शन (माइकने मोजून खोलीचे दोष कमी करणं) बरंचसं तेच असतं. तुम्ही जास्त पैसे मोजता ते चांगला ॲनालॉग भाग, बॅलन्स्ड आउटपुट आणि पॉवर ॲम्प बाहेर काढल्याचे.

आता दुकानदाराचं 'कोरडं वाजतं'. हे मी निम्म्या गिऱ्हाइकांकडून ऐकतो आणि ते काही कानाचा भास नसतो, फरक खरंच ऐकू येतो. पण तो येतो कुठून ते बघा. दुकानात स्विच करून ऐकवताना दोन्ही ॲम्पचा आवाज सारखा केलेला नसतो. अर्धा-एक डीबी जास्त असलं तर माणसाला ते मोठं वाटत नाही, 'भरदार' वाटतं. दुसरं, रिसीव्हरवर बहुतेक वेळा काहीतरी चालू राहिलेलं असतं, मूव्ही मोड, सगळ्या स्पीकरांतून स्टीरिओ, रात्रीचा मोड, किंवा स्पीकर 'स्मॉल' केलेत आणि सबच जोडलेला नाही, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं सगळं गायब. मग कोरडं वाजणार नाही तर काय. तिसरं, रूम करेक्शन चालवलं की खोलीमुळे फुगलेला बास कमी होतो, आणि वर्षानुवर्षं फुगलेला बास ऐकलेल्या कानाला बरोबर आवाज आधी पातळ वाटतो.

स्वतः ऐकायचं असेल तर असं करा. दोन्हीवर तेच स्पीकर जोडा, टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज सारखं करा (४०० हर्ट्झचा टोन आणि बरा मीटर असेल तर छान, अगदीच नाही तर ६० हर्ट्झ लावा), रिसीव्हर साध्या स्टीरिओ मोडवर किंवा डायरेक्टवर ठेवा, आणि दुसऱ्याला स्विच करायला सांगून तुम्ही पाठ करून बसा. तानपुऱ्याची एकसलग जोड लावा, त्यात फरक पटकन कळतो. या पद्धतीने ऐकवल्यावर बहुतेक जण गप्प होतात. सगळेच नाही, हे मान्य. फार सेन्सिटिव्ह स्पीकर असतील तर स्वस्त रिसीव्हरचा हिस ऐकू येतो, आणि जुन्या, स्वस्त रिसीव्हरांचा प्रीॲम्प खरोखरच सुमार होता. पण आजच्या मधल्या किमतीच्या रिसीव्हरबद्दल 'गाणं वाजतच नाही' म्हणणं म्हणजे माल खपवायची भाषा.

फरक खरा कुठे आहे सांगू? तुमच्या सोफ्यात. तुमचा हॉल ११ फूट रुंद, म्हणजे ३.३५ मीटर. ध्वनीचा वेग ३४४ मीटर, त्याला रुंदीच्या दुपटीने भागा, ५१ हर्ट्झ. ही त्या दोन भिंतींमधली पहिली गुंजणारी फ्रिक्वेन्सी, आणि पुढची तिच्या दुप्पट, १०२-१०३. भिंतीला लागून दाब सगळ्यात जास्त असतो आणि तुमचा सोफा नेमका भिंतीला टेकलाय. डग्ग्याची घुमक साधारण त्याच भागात, म्हणजे प्रत्येक 'धा' ला डग्गा गायकाच्या अंगावर येणार आणि वडील म्हणणार हा नवीन सेट धमधम करतो. दहा लाखांचा पॉवर ॲम्प लावला तरी हे जाणार नाही, उलट जास्त स्वच्छ धमधमेल. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या, मागे पुस्तकांचं उघडं कपाट आलं तर उत्तम, सब कोपऱ्यातून हलवून दोन-तीन जागी ठेवून बघा. हॉल डायनिंगला उघडा असेल तर लांबीच्या बाजूचं गणित बदलतं, ते जागेवर बघावं लागतं.

आणि इथे रिसीव्हर जिंकतो, कारण त्याच्यात रूम करेक्शन असतं आणि त्या किमतीच्या बहुतेक स्टीरिओ ॲम्पमध्ये नसतं. ऑडिसी असो, यामाहाचं वायपीएओ असो की डिराक, माइक सोफ्यावर ठेवून मोजतात आणि फुगे कापतात. माझी सवय अशी की करेक्शन ३००-४०० हर्ट्झच्या खालीच ठेवायचं, वर स्पीकरला त्याच्या स्वभावाने वाजू द्यायचं. काही ॲपमध्ये ही मर्यादा घालता येते, घेताना तेवढं बघून घ्या. वर सरसकट करेक्शन लावलं की कधी कधी आवाज खरंच बेचव होतो, तेवढ्यापुरतं दुकानदाराचं खरं आहे. माइक मात्र स्टँडवर, कानाच्या उंचीला, कुशनवर टेकवू नका. पंखा बंद, प्रेशर कुकर बंद.

आता म्हातारं काय होतं आणि काय होत नाही ते बघू, कारण वेगळे घटक घ्यायचं सगळ्यात सबळ कारण माझ्या मते हेच आहे. पॉवर ॲम्प वीस वर्षं टिकतो, फार तर कपॅसिटर बदलावे लागतात, ते कोणीही हुशार मेकॅनिक करून देतो. रिसीव्हरचं तसं नाही. एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरला आणायची सोय) आलं २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर, २.० आलं २०१३ ला, घरगुती रिसीव्हरांत ॲटमॉस २०१४ ला, २.१ आणि ईएआरसी (एआरसीची सुधारलेली आवृत्ती) २०१७ ला. २०१२ चा महागडा रिसीव्हर आजही सुंदर वाजतो पण आजचं पूर्ण ४के त्याच्यातून जात नाही आणि ॲटमॉस त्याला कळत नाही, म्हणून तो माळ्यावर जातो. माझ्याकडे रिपेअरला येतात त्यात ॲम्पचा भाग ठणठणीत आणि एचडीएमआय बोर्ड गेलेला, असे बरेच, आणि तो बोर्ड काही वर्षांनी मिळतच नाही.

यावरचा तोडगा म्हणून मी प्रीआउट म्हणतोय. पुढच्या दोन चॅनेलचे प्रीआउट असले की उद्या पॉवर ॲम्प किंवा इंटिग्रेटेड जोडता येतो, आणि परवा रिसीव्हर बदलला तरी तो ॲम्प तसाच राहतो. तुमच्या बजेटमध्ये सगळ्या चॅनेलचे प्रीआउट बहुधा मिळणार नाहीत, डेनॉनमध्ये ते ३८०० च्या वर्गात सुरू होतात आणि तो तुमच्या हिशोबात बसत नाही. पुढचे दोन मिळाले तरी पुरे. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात आणि एकाच मालिकेत खालच्याला प्रीआउट नसतात, वरच्याला असतात. वेबसाइटवर मागच्या पॅनेलचा फोटो मोठा करून 'प्रीआउट' खाली फ्रंट लेफ्ट-राइट लिहिलंय का ते स्वतः वाचा. सबवूफरचा प्रीआउट सगळ्यांना असतो, त्यावर समाधान मानू नका. दुसरा तोडगा, प्लेयर आणि गेमिंगचं जे काही असेल ते टीव्हीला लावा आणि टीव्हीकडून ईएआरसीने आवाज रिसीव्हरला आणा, म्हणजे चित्राचं तंत्र बदललं तरी रिसीव्हरला त्याचं सोयरसुतक नाही. टीव्हीला ईएआरसी आहे ना ते आधी बघा.

आता वडील. मी जिथे जिथे फक्त रिसीव्हर बसवलाय आणि घरात सत्तरीच्या पुढचं कोणी आहे तिथे तक्रार आवाजाची नसते, रिमोटची असते. भीमसेनजींचा मारवा ऐकायला आधी टीव्ही लावायचा, मग इनपुट, मग साउंड मोड, मध्येच स्क्रीनवर अपडेटचा प्रश्न, मग ते कंटाळून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. तुमच्याकडे असं होतंय दिसलं तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक छोटा स्टीरिओ इंटिग्रेटेड आणा, त्यात 'एचटी बायपास' नावाचं इनपुट (होम थिएटरसाठीचं, यात ॲम्पचा आवाजाचा नॉब बाजूला राहतो) असलेला. रिसीव्हरचे पुढचे प्रीआउट त्या इनपुटला, पुढचे दोन स्पीकर या ॲम्पला. सिनेमाला आवाज रिसीव्हरवरून कमी-जास्त होतो, आणि वडिलांना रेकॉर्ड लावायची असेल तेव्हा रिसीव्हर, टीव्ही सगळं बंद, एक बटण दाबायचं, एक गोल नॉब फिरवायचा. बायपास नसलेला ॲम्प घेऊ नका. मग दर वेळी त्याचा नॉब ठरलेल्या खुणेवर आणावा लागतो, घरातलं कोणीतरी तो पूर्ण फिरवून ठेवतं आणि सिनेमाच्या पहिल्या स्फोटात ट्वीटर जातो.

रेकॉर्ड्सबद्दल थोडंसं. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून पाचेक मिलिव्होल्ट निघतात आणि साध्या इनपुटला काही शे मिलिव्होल्ट लागतात, शिवाय रेकॉर्ड कापताना बास दाबलेला असतो तो परत उचलावा लागतो. म्हणून फोनो इनपुट हवं, नसेल तर छोटा फोनो प्रीॲम्प घ्या. पण आधी रेकॉर्ड्स बघा, नाट्यसंगीत म्हणताय तर त्यात लाखेच्या ७८ आरपीएमच्या निघतील. आजच्या बहुतेक टर्नटेबलला ७८ चा वेगच नसतो, आणि या रेकॉर्ड्सची खाच रुंद असल्यामुळे सुई वेगळी लागते. एलपीच्या सुईने वाजवल्या तर नुसती खरखर येईल आणि सुई जाईल ती वेगळीच.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे पॉवर तुम्हाला पुरेशी आहे, खोली हा मोठा प्रश्न आहे, रिसीव्हर जुना होणार आहे हे धरून चाला, आणि वेगळ्या ॲम्पची वाट मोकळी ठेवा. आता पैसे.

अडीच लाख मी असे वाटेन: रिसीव्हर ७५-८० हजार, पुढचे दोन आणि सेंटर मिळून ९०, सब ४०, सराउंडची (सोफ्याच्या बाजूंच्या स्पीकरांची) जोडी २०, आणि उरलेले वीसेक हजार वायर, स्टँड, फोनो, विजेचं संरक्षण यात जातात, लोकांना वाटतं जाणार नाहीत पण जातात. सेंटर पुढच्या स्पीकरांच्याच मालिकेतला घ्या, सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातून येतात, तो सगळ्यात स्वस्त घ्यायची चाल फार महागात पडते. ७.१ च्या (सात स्पीकर आणि एक सब) मागे लागू नका, तुमच्या सोफ्यामागे जागाच नाही. सात चॅनेलचा रिसीव्हर घेतलात आणि पीओपीचं सीलिंग करणारच असाल तर दोन छतातले स्पीकर टाकून ५.१.२ करा, नाहीतर साधं ५.१ उत्तम. आणि सोफ्याच्या एका बाजूला दरवाजा, दुसऱ्या बाजूला बाल्कनी असं असेल आणि सराउंड लावायला खरंच जागा नसेल, तर मत बदलतो: मग एचडीएमआय आणि सब आउट असलेला स्टीरिओ ॲम्प घेऊन २.१ करा. मरँट्झने २०१९ मध्ये एनआर१२०० काढला तेव्हापासून असे बरेच आलेत, विमचा छोटा ॲम्पही एआरसीवाला आहे. दोन चांगले स्पीकर पाच वाईट स्पीकरांपेक्षा सिनेमालाही बरे.

वायरसाठी हजारो रुपये मीटरच्या वायरी नकोत. २.५ स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची फ्लेक्सिबल घ्या, सराउंडपर्यंत आठ मीटर गेली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स जेमतेम ०.११ ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे काहीच नाही. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला घेताना टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत द्या.

आता अमेरिकेचा माल. रिसीव्हर, पॉवर ॲम्प आणू नका. तिथला माल बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला लावला की आत फट्. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण पुरेशा क्षमतेचा घेतला तर तो हजार-दीड हजार व्हीएचा, जड आणि घूं करणारा असतो, आणि कोणीतरी एक दिवस तो बाजूला सारून प्लग थेट भिंतीत घालतंच, असे रिसीव्हर माझ्याकडे येत असतात. वॉरंटीही इथे चालत नाही. भावाला आणायचंच असेल तर बुकशेल्फ स्पीकर आणायला सांगा, त्यांना व्होल्टेजशी देणंघेणं नाही, तिकडे सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतात. सबवूफर नको, त्यात ॲम्प असतो, मागे व्होल्टेजचा स्विच असेल तरच. आणि एक यूएसबी मोजणीचा माइक आणला तर तो छोटा, हलका आणि फार उपयोगी, त्याच्यासाठीचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट आहे. दुबईच्या मालाला व्होल्टेजची अडचण येत नाही, वॉरंटीची येते.

शेवटी बसवताना. सुताराला सांगून टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हरला बंद कप्पा करू नका, समोर काच तर अजिबात नको. तो काही न वाजवता नुसता चालू असला तरी चाळीस-पन्नास वॅट उष्णता सोडतो, वर निदान पाच-सहा इंच मोकळं आणि मागची प्लाय कापलेली हवी. पण फटी उघड्या ठेवल्या की पाल आत शिरते, ऊब असते ना, आणि दोन टर्मिनलच्या मध्ये ती आली की तीही जाते आणि बोर्डही. मागच्या कापलेल्या भागाला बारीक जाळी लावा, हवा येते, पाल येत नाही. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ असाल तर टर्मिनलवर हिरवा थर चढतो, वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तुम्हाला कोथरूडला त्याची गरज नाही.

साध्या स्पाइक गार्डवर विसंबू नका. आपल्याकडे माल जातो तो बऱ्याचदा बिल्डिंगचा न्यूट्रल सुटल्यामुळे, तेव्हा २३० च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. घराच्या मेन डिस्ट्रिब्यूशन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, किंमत रिसीव्हरच्या मानाने किरकोळ आहे, फ्रिज आणि टीव्हीही वाचतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसती तीन पिनांची सॉकेट दिसते म्हणून अर्थ आहे असं नसतं. केबलवाल्याची कोॲक्स वायर सेटटॉप बॉक्सला लावल्यावर स्पीकरमधून हम येत असेल तर ती वायर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं. पावसाळ्यात गडगडायला लागलं की तीही काढून ठेवा.

स्पीकरची दोन-तीन नावं नक्की झाली की त्यांची सेन्सिटिव्हिटी, ओहम आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंना किती फूट मोकळी भिंत आहे ते इथे टाका. मग रिसीव्हरचं बघू, आधी तो ठरवू नका.